एका शब्दावर उडणारी बशी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. (आपल्या वयात फारसं अंतर नाही हे मला ठाऊक आहे, पण बहिणीच्या नवऱ्याला एवढा एक अधिकार असतो आणि तो मी शेवटपर्यंत बजावणार.) तुझे गुडघे कसे आहेत? कानात घालायचं ते यंत्र घालतोस, की खणात लपवून अजून सूनबाईला ‘हरवलं’ म्हणून सांगतोस? दुकान मुलाच्या हवाली करूनही तू रोज तिथे जाऊन घड्याळं उघडून बसतोस, असं कळलं. बसत जा. मी बरा आहे. रक्तदाब ताब्यात आहे, दात जितके उरलेत तितके जागच्या जागी आहेत, आणि आवाज तिशीतल्या माणसाचा आहे असं डॉक्टर म्हणाले. बाकीचा माणूस कितीतला आहे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पत्र लिहितोय, कारण फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे विहिरीत तोंड घालून भाषण करणं. मागच्या आठवड्यात मी तुला फोनवर स्वच्छ शब्दांत सांगितलं की मी बंदूक घेतली. तू म्हणालास, “बरं बरं, तब्येतीला जपा भाऊजी,” आणि फोन सूनबाईच्या हातात दिलास. तिने विचारलं, “जेवलात का आतोबा?” मी म्हटलं, जेवलो. संपलं. एवढी मोठी बातमी वाऱ्यावर गेली. म्हणून आता लेखी देतो, म्हणजे तुला ‘ऐकू आलं नाही’ म्हणता येणार नाही. आणि सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो : हे पत्र तुला इकडे बोलावण्यासाठी नाही. ताईच्या वेळी आलास, त्यानंतर आला नाहीस. दर वेळी ‘येतो’ म्हणतोस, मग कधी गुडघा आडवा येतो, कधी पाऊस, कधी कुणाचं तरी मनगटी घड्याळ. माझी तक्रार नाही. आग्रह करणं माझ्या स्वभावात नाही. (हसू नकोस.)

तर, बंदूक. दुनळी, एका नळीवर दुसरी नळी, आणि जुनी, म्हणजे कुणीतरी वापरलेली. आता तू म्हणशील, ज्या माणसाने उभं आयुष्य शस्त्रांविरुद्ध बोलण्यात घालवलं, ज्याने खेळण्यातलं पिस्तूल विकणाऱ्याच्या दुकानासमोर भर उन्हात सभा घेतली (तू सतरंजी धरून उभा होतास, आठवतं?), त्याने हे काय आरंभलं? धाकट्या, माझं मत तसूभरही बदललेलं नाही. जिवंत प्राण्यावर रोखलेली प्रत्येक नळी ही माणसाच्या बुद्धीचा पराभव आहे, असं मी काल म्हणत होतो, आज म्हणतो, आणि ऐकणारा भेटला तर उद्याही म्हणेन. पण मातीची बशी ही सजीव नाही. ती भाजलेली असते, केशरी रंगाची असते, यंत्रातून उडते, आणि छर्रा लागला की हवेतच तिचा भुगा होतो. तिला आईबाप नाहीत. मी या विषयावर तीन जाडजूड ग्रंथ वाचले आणि त्यात मला एकही नैतिक आक्षेप सापडला नाही. आक्षेप सापडला नाही म्हणून वाईट वाटलेला मी बहुधा पहिलाच वाचक असेन.

हे सुरू झालं ते वाचनालयाच्या सभागृहात. ‘शस्त्राविण समाज’ हा माझा विषय. श्रोते मोजके. एक नवराबायको पाऊस थांबायची वाट पाहत होते, एक गृहस्थ झोपले होते, आणि सभागृहाचा पहारेकरी कुलूप आणि किल्ली मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. तुझी ताई असायची तेव्हा ती तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसायची आणि मी फार लांबलो की पर्सची चेन उघडायची, मिटायची, उघडायची, मिटायची. दूरच्या श्रोत्यांना वाटायचं बाई काहीतरी शोधतायत. मला मात्र कळायचं की आता समारोप. त्या दिवशी चेन वाजली नाही, म्हणून मी बोलतच राहिलो. पाऊस थांबला, नवराबायको गेले, पहारेकऱ्याने आधी पंखे बंद केले, मग मागचे दिवे. शेवटी माइकवाला मंचावर आला, माझ्या समोरचा माइक हळूच काढून घेतला आणि म्हणाला, “सर, तुमचा आवाज वाया चाललाय हो. रविवारी माझ्याबरोबर चला. तिथे एक शब्द टाकला की काम होतं.”

हा माइकवाला (पोट मोठं, मन त्याहून मोठं) गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावरची यंत्रंही सांभाळतो. तिथली व्यवस्था समजून घे, कारण तुझ्यासारख्या कारागिराला ती आवडेल. पुढे जमिनीत खोल खड्डा, त्यात बशा फेकणारं यंत्र. मागे नेमबाजांनी उभं राहायच्या जागा, आणि प्रत्येक जागेपुढे गुडघ्याएवढ्या उंचीवर एक छोटा माइक. नेमबाज बंदूक खांद्याला लावतो आणि ओरडतो, “सोड!” माइक ऐकतो, यंत्राला कळवतो, बशी उडते. मधे माणूस नाही. यंत्राला शब्द कळत नाही, फक्त आवाज कळतो. ‘सोड’ म्हणा, ‘धर’ म्हणा, खोकला, बशी उडणार म्हणजे उडणार.

हे मला आधी कुणी सांगायला नको का?

मैदानाचा प्रमुख गळ्यात शिट्टी घालून फिरतो, म्हणून मी त्याला शिट्टीवाला म्हणतो. त्याने मला रिकाम्या हाताने त्या जागेवर उभं केलं, नुसता आवाज देऊन बघा म्हणून. मागे बाकांवर बरीच मंडळी बसलेली. इतकी माणसं माझ्या पाठीशी किती दिवसांत बसली नव्हती! मला वाटलं, अशा ठिकाणी पहिल्यांदाच येतोय, तर आपली भूमिका मांडणं हे कर्तव्य आहे. मी म्हटलं, “मित्रहो!” बशी उडाली. “मी इथे शस्त्राचा पुरस्कर्ता म्हणून आलेलो नाही!” बशी. “मी विचारतो, माणसाने हातात शस्त्र का घेतलं?” बशी. मी जरा थबकलो, तेव्हा शिट्टीवाल्याने शिट्टी फुंकली, आणि त्या शिट्टीनेही एक बशी उडाली. मग मी रंगात आलो. दरेक वाक्याला, दरेक प्रश्नाला, दरेक उद्गाराला समोरच्या आकाशात एक केशरी बशी झेपावत होती आणि पलीकडच्या गवतात अलगद पडत होती. मंडळी पोट धरून हसत होती, माइकवाला तार उपटायला धावला होता, आणि शिट्टीवाला ओरडत होता, “अहो आजोबा, गप्प बसा! अख्खी पेटी संपली!” (त्यावर आणखी एक.)

धाकट्या, तू हसशील, पण मी तुला खरं सांगतो. इतकी वर्षं बोललो. टाळ्या मिळाल्या, हार मिळाले, एकदा टोमॅटोही मिळाला. पण बोललो आणि लगेच पुढ्यात काहीतरी घडलं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. घरी मी सकाळी ‘चहा झाला का?’ म्हणतो (सवय आहे, दुसरं काही नाही), तर काहीच उडत नाही. भांडंसुद्धा वाजत नाही. त्या रविवारी घरी येऊन मी दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहून एकदा मोठ्याने ‘सोड’ म्हणून पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला झाडूच्या दांड्याने ठोकलं. तेवढाच प्रतिसाद. पण प्रतिसाद होता.

मग परवाना. त्यासाठी एक अधिकारी घर पाहायला आले. तरुण, गंभीर, बूट दाराबाहेर काढावेत की नाही या विचारात पाच मिनिटं घालवणारे. बंदूक ठेवायला कुलपाचं पोलादी कपाट लागतं, भिंतीला बोल्ट मारलेलं. आपल्या घरात असं कपाट एकच, तुझ्या ताईचं. मी तिच्या लोकरी वस्तू वरच्या कप्प्यात सरकवून खालचा भाग रिकामा केला होता. अधिकाऱ्यांनी कपाट हलवून पाहिलं, मग विचारलं, “याआधी कुठलं शस्त्र वापरलंय?” मी म्हटलं, जीभ. त्यांनी ते लिहून घ्यावं की नाही याचा विचार केला आणि ‘नाही’ असं लिहिलं. माझा जाहीर अपमान! मग म्हणाले, “घरात आणखी कोण असतं?” कुणी नाही. “कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडे?” मी म्हटलं, तीही माझ्याकडेच. ते म्हणाले, “उत्तम. नियमाला धरून आहे.” माझ्या घराची अवस्था नियमाला धरून आहे हे ऐकून मला काय वाटलं ते मी त्यांना सांगितलं नाही. त्याऐवजी मी त्यांना चहा दिला आणि राज्यसंस्था व शस्त्र यांच्या संबंधांवर चार शब्द बोललो. ते शेवटपर्यंत थांबले. (दार माझ्या पाठीमागे होतं.)

आता दुकानाची गोष्ट. इथूनच खरी फजिती सुरू होते. बंदूकवाला म्हणजे लांबलचक बोटांचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि माझ्याइतकाच बडबड्या गृहस्थ. दोन बोलणारे समोरासमोर आले की काय होतं ते तू माझ्या आणि तुझ्या वडिलांच्या पहिल्या भेटीत पाहिलंच आहेस. मी ग्रंथ वाचून गेलो होतो. मी नळ्या वेगळ्या करून घेतल्या, बोटावर लटकवून नखाने टिचकी मारली, तर घंटेसारखा नाद आला. नळीतून उजेडाकडे पाहिलं, आत कुठे पोचा नाही, गंज नाही. बिजागरी हलवून पाहिली, घट्ट. बंदूकवाला म्हणत होता, “साहेब, ते सगळं ठीक आहे, पण एकदा खांद्याला लावून बघा. बंदूक म्हणजे अंगरखा असतो, मापाचाच लागतो.” मी म्हटलं, माप ही माणसाने माणसावर लादलेली गोष्ट आहे. तो म्हणाला, “लादा, पण खांद्याला लावून लादा.” मी लावली. तो काहीतरी सांगत होता, मी काहीतरी सांगत होतो. लाकडाच्या दस्त्यावर, गाल टेकतो तिथे, आधीच्या मालकाच्या गालाने घासून घासून मऊ, काळपट चकाकी आली होती. कुणाच्या तरी गालाची इतक्या वर्षांची जागा. मी म्हटलं, बांधा.

लांब काळ्या पेटीतून घरी आणली. जिन्यात खालच्या बाई भेटल्या. (या त्याच, झाडूच्या दांड्यावाल्या. आमच्या ‘शस्त्राविण समाज’ मंडळाच्या आजन्म सभासद.) पेटीकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. “अय्या, वाद्य घेतलंत? बरं केलंत हो, मन रमेल.” मी, जो मंचावर कधी खोटं बोललो नाही, तो म्हणालो, “हो, शिकतोय अजून.” तेव्हापासून रोज भेटल्या की विचारतात, “वाजवत का नाही? मी ऐकायला बसते संध्याकाळी.” परवा तर म्हणाल्या, “लाजू नका. मी छत ठोकणार नाही.” इतक्या आपुलकीने मला कुणी बंदूक वाजवायला सांगेल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मैदानावर गेलो. नियमाप्रमाणे कान झाकले, डोळ्यांवर चष्मा चढवला, माइकसमोर उभा राहिलो. या वेळी एकच शब्द बोललो. (मंडळींनी टाळ्या वाजवल्या. एका शब्दाच्या भाषणाला मिळालेल्या माझ्या या पहिल्याच टाळ्या.) बशी उडाली, मी घोडा ओढला, बशी शांतपणे गवतात जाऊन बसली. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या गवतात. मागून शिट्टीवाला म्हणाला, “आजोबा, सगळे छर्रे डावीकडे जातायत.” माझे विचार कुठल्या बाजूला झुकतात ते गावाला ठाऊक आहे, पण छर्ऱ्यांनीही तोच पक्ष धरावा? शेवटी त्याने बंदूक हातात घेतली, वरून पाहिली आणि खो खो हसत सुटला. “अहो, ही डावखुऱ्याची बंदूक आहे! दस्ता बघा कसा डाव्या अंगाला वाकवलाय. डाव्या खांद्यावर धरायची ही. उजव्याने मारलीत तर जन्मभर बशांना वारा घालाल.”

तर अशी फसगत. त्या बंदूकवाल्याने ‘डावखुरी आहे’ असं मला सांगितलं असेलच, पण मी त्या वेळी बोलत होतो. घरी येऊन बसलो तेव्हा तुझ्या ताईची कात्री आठवली. तुम्ही दोघं भावंडं डावखुरी. जेवायला बसलात की तुमची कोपरं एका बाजूने चालणार आणि माझं दुसऱ्या बाजूने, म्हणून ती मला नेहमी टेबलाच्या टोकाला बसवायची. घरातली कात्री डाव्या हाताची, बटाटे सोलायचा चाकू डाव्या हाताचा, डबा उघडायचं ते यंत्रही. मी दोन वर्षं दुधाची पिशवी दाताने फाडतोय. कात्रीत अंगठा घातला की ती कापत नाही, नुसता कागद दुमडते, जणू म्हणते, तुम्ही नाही, ती कुठे आहे? नवी कात्री आणायची म्हणून कितीदा बाजारात गेलो, आणि दर वेळी पुस्तक घेऊन परत आलो.

असो. मुद्द्यावर येतो. (ताईची पर्स वाजल्याचा भास झाला.) माझी विनंती म्हण, तुझी मदत म्हण, एवढीच : दस्ता तेल लावून, ऊब देऊन दुसऱ्या बाजूला वाकवता येतो असं ग्रंथात म्हटलंय. तुझ्या ओळखीत बारीक काम करणारा एखादा सुतार असेल तर त्याचा पत्ता कळव. तुझ्या हातांना ओळखणारा माणूस असेल तर उत्तम. एवढं कर म्हणजे झालं. स्वतः येण्याची काही गरज नाही.

सूनबाईला आणि मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना माझा नमस्कार. ते तुझ्यापेक्षा जास्त सन्मानाने वागवण्याच्या योग्यतेचे आहेत, कारण कधी यायचं नाही ते तेच ठरवतात.

तुझा,
भाऊजी

ता. क. सुताराचा पत्ता नको. दस्ता वाकवायचा नाही.

ता. क. २ महिनाअखेरीस मैदानावर जोडीची स्पर्धा आहे. दोघांनी शेजारी उभं राहायचं, दोन बशा एकदम उडतात, एकेकाची एकेक. शिट्टीवाला म्हणतो, एक उजवा आणि एक डावा अशी जोडी सगळ्यात चांगली, कारण बंदूक धरली की दोघांची तोंडं एकमेकांकडे होतात. मी दोन नावं दिली आहेत. दुसरं तुझं. पाहुण्याला मालकाच्या देखरेखीखाली बंदूक चालवता येते, हे मी विचारून घेतलंय. तिथे सगळेच कान झाकून असतात, त्यामुळे तुझ्यात आणि जगात काही फरक राहणार नाही. उभं राहायच्या जागेमागे बाक आहे, गुडघ्यांसाठी. मी मैदानाची बंदूक वापरतो. तिने मी दहातल्या सहा बशा फोडतो, हे वर लिहायचं राहिलं.

ता. क. ३ पत्र बंद करताना वाटलं की तुझ्यापाशी तरी खरं बोलावं. त्या दुकानात उजव्या हाताच्या आणखी दोन बंदुका होत्या, दोन्ही चांगल्या. मी ही उचलली, गाल टेकला, आणि तो जागेवर बसेना. ताईची कात्री हातात घेतल्यावर होतं, अगदी तसं झालं. बंदूकवाला स्पष्ट म्हणाला, “साहेब, ही तुमची नाही, ही डावखुऱ्या माणसाची आहे.” मी तेव्हा बोलत नव्हतो. मी म्हटलं, माहीत आहे, बांधा.

ता. क. ४ येताना कात्री आणू नकोस. घरात आहे.